शिरखुर्म्यापुरता मित्र
‘अशा गोष्टींमुळे मुलांना एकमेकांच्या सणांची ओळख होते’ हे हिंदू-मुस्लिम दोस्तीच्या बालकथांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आपल्या बालकथांमधला सलीम ईदेला शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो, दिवाळीला चकली खातो आणि एरवी वर्षभर गायब! त्याला गणित जड जातं का, बॅटिंग मिळाली नाही की तो रुसतो का, काही पत्ता नाही. माझ्या चौथीच्या वर्गात अशीच एक गोष्ट वाचून दाखवली, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, ह्यांचं भांडण कधी होतं?” पोरगं बरोबर बोललं. भांडायचीसुद्धा सोय नाही, ती कसली दोस्ती?

आणि सणच हवा असेल तर मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा घ्या की. तिथे काही मशिदींत गणपती बसतो. २०१८ आणि २०१९ साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा पीरपंजे (मोहरमात बसवतात ते पीरांचे पंजे) आणि गणपती शेजारीशेजारी होते. तिथल्या दोन पोरांची खिरापतीवरून आणि मोहरमच्या गोड चोंग्यांवरून जुंपली, अशी गोष्ट कुणीतरी लिहा. वर्गात वाचायला मी तयार आहे.