इंग्रजांच्या 'सोज्वळ' शिव्या : एका फॉरवर्डचा पंचनामा

ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक मेसेज सांगतो : तिकडच्या सौम्य शिव्यांचं मूळ निरागस आहे, तेव्हा बिनधास्त वापरा. आजचा सौम्यपणा आणि मूळ यांचा असा काही संबंध नसतो.

'ब्लडी' म्हणे 'बाय अवर लेडी', म्हणजे मदर मेरीची शपथ. बादरायण संबंध! शपथ वाक्यात सुटी येते. 'ब्लडी' मात्र सतराव्या शतकापासून विशेषणाला चिकटलेला दिसतो, 'ब्लडी ड्रंक' असा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्टने 1711 साली पत्रात 'ब्लडी हॉट' लिहिलं, आणि तो धर्मगुरू होता. शब्द बदनाम झाला त्यानंतर. 1914 साली लंडनमध्ये 'पिग्मॅलियन' नाटकात तो उच्चारला गेला तेव्हा केवढा गहजब झाला!

'बर्क' म्हणजे नुसता बावळट, असंही त्यात आहे. हा कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या बोलीतल्या, यमकांचा खेळ. हव्या त्या शब्दाशी यमक जुळणारा जोडशब्द घ्यायचा आणि यमकाचा भागच गाळायचा. 'बर्कली हंट' हा ग्लॉस्टरशरमधला कोल्ह्यांच्या शिकारीचा ताफा. 'हंट'शी जुळते ती इंग्रजीतली सर्वांत ओंगळ शिवी. 'हंट' गळला, 'बर्क' उरला. गावाचा उच्चार 'बार्कली', शिवी मात्र 'बर्क'. त्यामुळे नातं सहज लक्षात येत नाही. आजीसमोर हा शब्द खपतो तो मूळ विसरलं गेल्यामुळे.

'पिलक' आणि 'प्रॅट' या दोन्हींचा आजचा अर्थ मूर्ख. 'पिलक' हा 'पिलिकॉक'चा, म्हणजे पुरुषाच्या लिंगाचा, वंशज. 'प्रॅट' म्हणजे सोळाव्या शतकातल्या चोरभाषेत ढुंगण. निरागस वगैरे काही नाही.

'पॉम' म्हणजे 'प्रिझनर्स ऑफ मदर इंग्लंड'? मुळात ही ऑस्ट्रेलियनांनी ब्रिटिशांना दिलेली शिवी. ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारी जहाजं 1868 मध्ये थांबली, शब्द छापील मिळतो 1912 पासून. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची पद्धतही तेव्हा फारशी नव्हती. जास्त पटणारी व्युत्पत्ती 'पॉमग्रॅनेट', म्हणजे डाळिंब, ही. 'इमिग्रंट'शी केलेली ती शब्दकोटी.

'गिट' म्हणजे नालायक माणूस. तो आला 'गेट' (get) वरून. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ अनौरस पोर. ब्रिटिश संसदेत 'गिट' असंसदीय ठरलेला आहे. मित्राला हसत 'यू सिली गिट' म्हटलं तर चालून जातं, कारण 'सिली' धार बोथट करतो. नुसतं 'गिट!' झोंबतं. वरिष्ठांना यातलं काहीच म्हणू नये.