काकडी चिरल्याने गुणसूत्र वाढत नाही

परवा रात्री दीड वाजता धाकट्या बहिणीचा कराडहून फोन आला. डाऊन सिंड्रोम असलेली तीन महिन्यांची लेक मांडीवर आणि ही हुंदके देतेय. "ताई, ग्रहणाच्या रात्री मी काकडी चिरली होती गं. हे उशिरा आले कामावरून, म्हणून कोशिंबिरीपुरती." मला काही कळेना. मग तिने तो मेसेज पाठवला. तिच्या चुलत सासूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला, शेवटी 'प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोचवा'.

मेसेजचं म्हणणं असं. डाऊन सिंड्रोमचं बाळ आईच्या चुकीने होतं: ग्रहणात चिराचिरी, पपई, जागरण, मनातले वाईट विचार. दोष आईच्या माहेरच्या रक्तातला, तेव्हा त्या घराशी सोयरीक करू नये. नात्यात लग्न केलं की होतं. पस्तिशीनंतरच होतं. ही मुलं विशीपलीकडे जगत नाहीत. आणि चाळीस दिवस अमुक काढा पाजला की जादा गुणसूत्र 'विरघळतं', तोवर बाळाचं कुठलंही ऑपरेशन करू नये.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी फळ्यावर उतरवते. आणि इथे माझ्याच बहिणीला कुणीतरी अर्ध्या रात्री काकडीचा हिशेब द्यायला लावलाय. त्यामुळे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

भाचीचा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट माझ्याजवळ आहे. पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या बारीक काड्या, त्यात जोड्या लावून मांडलेली असतात, मोठी वर, लहान खाली. खालच्या ओळीत २१ या आकड्यावर दोनाच्या जागी तीन बारक्या काड्या. बाकी सगळ्या जोड्या जशाच्या तशा. खाली छापलंय: ४७, एक्सएक्स, +२१. म्हणजे ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रं, मुलगी, २१ चं एक जादा. यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. २१ नंबरचं गुणसूत्र माणसाच्या गुणसूत्रांमधलं जवळजवळ सगळ्यात लहान, त्यावर जेमतेम दोन-अडीचशे जनुकं. मोठ्या गुणसूत्रांची जादा प्रत आली तर गर्भ बहुधा टिकतच नाही. ही जादा प्रत घेऊन बाळ जन्माला येऊ शकतं, याचं एक कारण तिचा लहानपणा.

आता ही तिसरी काडी आली कधी? बहिणीचा जन्म व्हायचा होता, ती आमच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या बीजांडांच्या मूळ पेशी तयार झाल्या. त्यांनी गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धगुणसूत्री विभाजन सुरू केलं आणि मध्येच थांबवलं. मुलगी जन्मते, शाळेत जाते, वयात येते, तोवर त्या पेशी तशाच थांबलेल्या. पुढे दर महिन्याला त्यातली एखादी ते विभाजन पुढे नेते. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र बीजांडात राहायचं, दुसरं बाजूच्या इवल्याशा पेशीत टाकून द्यायचं, असा तो क्रम. कधीतरी २१ ची जोडी सुटत नाही आणि दोन्ही आतच राहतात. शुक्रपेशी स्वतःचं एक घेऊन येते. झाली तीन. गर्भधारणेच्या पहिल्या क्षणी, पहिल्याच पेशीत.

ते चंद्रग्रहण ७ सप्टेंबर २०२५ चं, भाद्रपद पौर्णिमेचं. बहिणीला तेव्हा तिसरा महिना चालू होता. बाळाच्या पेशी कोट्यवधी झालेल्या होत्या आणि प्रत्येकीत ४७ गुणसूत्रं कधीचीच बसलेली होती. त्या रात्री तिने काकडी चिरली काय किंवा देवापुढे बसून राहिली काय, रिपोर्टमध्ये एका काडीचाही फरक पडला नसता. पपईचं, जागरणाचं, विचारांचं तेच. काळाचा क्रमच उलटा लावलाय या मेसेजने.

एक गोष्ट मात्र मान्य करते, कारण ती लपवली तर उद्या कुणीतरी तीच माझ्या बहिणीच्या तोंडावर फेकेल. जादा गुणसूत्र बहुतेक वेळा आईच्या बीजांडातूनच येतं, ९० टक्क्यांहून अधिक वेळा. हे खरं आहे. पण आईकडून आलं आणि आईने केलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या पेशीत ही चूक झाली तिच्यावर बहिणीचा तिच्या केसांच्या रंगाइतकाही ताबा नव्हता. आणि अशा चुका विरळाही नसतात. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच काहीतरी गडबड सापडते. त्या आयांनी काय काय चिरलं होतं, हे कुणी विचारत नाही.

'डॉक्टर हे सांगणार नाहीत' असंही त्या मेसेजमध्ये आहे. डॉक्टर हे १९५९ पासून सांगतायत. लॅंग्डन डाऊन या इंग्लिश डॉक्टरने या मुलांचं वर्णन १८६६ मध्ये लिहिलं, तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हेसुद्धा १९५६ मध्ये पक्कं झालं, तोवर पुस्तकांत ४८ होती. मग पॅरिसच्या एका रुग्णालयात डॉक्टर मार्थ गोतिए यांनी या मुलांच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. हाताशी पैसा नव्हता, पेशींना लागणारं सीरम त्यांनी स्वतःच्या रक्तातून काढलं. त्या पेशींमध्ये ४६ च्या जागी ४७ दिसली. जानेवारी १९५९ मध्ये गोतिए आणि त्यांचे सहकारी लेज्यून व त्युर्पँ यांच्या नावाने निबंध छापून आला. त्यानंतर आजवर जगभर अशा मुलांचे अगणित कॅरिओटाइप झाले असतील. ते जादा गुणसूत्र ज्याला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय त्याला आजही बघता येतं. ग्रहणाच्या बाजूने असा एक तरी कागद दाखवा.

माहेरच्या रक्ताचा मुद्दा वाचून तर माझं डोकंच फिरलं, कारण माझ्या चुलतभावाच्या मुलीला सध्या स्थळं येतायत आणि मेसेज त्या घरांपर्यंतही पोचलाय. नीट समजून घ्या. डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या साधारण ९५ बाळांमध्ये भाचीसारखं सुटं तिसरं गुणसूत्र असतं. ते घराण्यातून उतरत नाही, त्या एका बीजांडापुरतं घडतं. मावशा, आत्या, चुलत बहिणी यांना त्यामुळे काडीचा जास्तीचा धोका नाही. त्याच आईच्या पुढच्या बाळाला धोका शंभरात एकाच्या आसपास. तीन-चार टक्के बाळांमध्ये मात्र २१ चा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ नंबरच्या, चिकटलेला असतो. त्यांची मोजणी ४६ च भरते, म्हणून रिपोर्ट नीट वाचावा लागतो. तसं असेल तर आईवडील दोघांचीही तपासणी करायची, कारण असं जोडगुणसूत्र त्यांच्यापैकी एकाकडून आलेलं असू शकतं, बापाकडूनसुद्धा. 'सुनेच्या माहेरचं' म्हणून मोकळं होण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

नात्यातलं लग्न. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आणि त्याने काही आजारांचा धोका खरंच वाढतो, यात वाद नाही. थॅलेसेमियासारखे आजार घ्या, जिथे आई आणि वडील दोघंही वाहक असावे लागतात आणि मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. एकाच आजोबांची नातवंडं एकच बिघडलेलं जनुक बाळगून असण्याचा संभव जास्त. पण तो जनुकाचा दोष झाला. इथे अख्खं गुणसूत्र जादा आहे आणि त्याचा नात्याशी संबंध नाही. बहीण आणि आमचे जावई सात पिढ्यांत कुठे जुळत नाहीत, हे त्या चुलत सासूबाईंनाही माहीत आहे.

वयाचं अर्धं खरं आहे. पंचविशीतल्या आईला साधारण साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण 'पस्तिशीनंतरच' हे खोटं. बाळंतपणं तरुण वयात जास्त होतात, त्यामुळे यातली बरीच बाळं तरुण आयांचीच असतात. बहीण सत्तावीस वर्षांची आहे. तिची गरोदरपणातली डबल मार्कर रक्ततपासणी 'लो रिस्क', म्हणजे धोका कमी, अशी आली होती. ती चाळणी आहे, निदान करत नाही, हे तिला कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं.

विशीपलीकडे जगत नाहीत, हे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं चित्र. जिथे उपचार मिळतात तिथे आता त्यांचं सरासरी आयुष्य साठीच्या घरात गेलं आहे.

आणि ती साठी ज्यामुळे आली, तेच हा मेसेज थांबवायला सांगतो. या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. भाचीच्या हृदयात मधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. दूध ओढताना ती दमते. चार घोट पिते, थांबते, कपाळाला घाम येतो. त्या छिद्रातून जादा रक्त फुफ्फुसांकडे ढकललं जातं आणि तिथल्या रक्तवाहिन्या दाबाने कडक होत जातात. ठरावीक वेळेत छिद्र बुजवलं तर त्या वाचतात. वेळ गेली की ऑपरेशनही करता येत नाही, आणि डाऊनच्या बाळांमध्ये ही वेळ इतरांपेक्षा लवकर जाते. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. या मेसेजच्या हिशेबाने तो महिना काढा पाजण्यात जाईल. शरीरातल्या अब्जावधी पेशींमधून नेमकं एक गुणसूत्र वेचून काढणारं औषध जगात कुठेही नाही. काढ्याने गुणसूत्र जाणार नाही, महिना मात्र जाईल. बाळ हातचं जाईल.

करण्यासारखं भरपूर आहे. थायरॉइड तपासायचं, कान आणि डोळे तपासायचे, मान धरायला आणि बसायला शिकवणारी फिजिओथेरपी आत्तापासून सुरू करायची. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही आहेत. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) म्हणून विचारा, अंगणवाडीताईंनाही विचारा.

काल मी त्या चुलत सासूबाईंना फोन केला. बाई वाईट नाहीत. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांनीच करून पाठवले होते. मी सगळं सांगितलं, त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तो २१ चा फोटो पाठव मला." पाठवला आहे. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे, आणि त्या ग्रुपात आणखी दोघी गरोदर आहेत.