आत्मविश्वास शिबिरात मिळत नाही हो!

सुट्ट्या लागल्या की आपल्या नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत फ्लेक्स झळकायला लागतात, 'मुलांचा आत्मविश्वास वाढवा'. पोरं ओळीत उभी राहून 'मी जिंकणारच!' ओरडतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतात. आमच्याही फ्रिजवर असं एक चिकटवलेलं आहे. चालायचंच. पण त्या फ्लेक्सवर ऑलिम्पिकवीरांचे फोटो लावतात ना, तिथे माझं डोकं सटकतं.

नेमबाज स्वप्नील कुसाळेचंच बघा. गडी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण शिकला आपल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सच्या फायनलमध्ये तो पुढे होता. उभ्याने नेम धरायच्या शेवटच्या टप्प्यात एक गोळी ७.६ वर गेली आणि हातातलं मेडल गेलं, चौथा आला. या पातळीवर साधा ९ लागला तरी नेमबाज हळहळतो, ७.६ म्हणजे कल्पना करा. पुढच्याच वर्षी पॅरिस. गुडघ्यावरचा टप्पा संपला तेव्हा सहावा, झोपून मारायचा संपला तेव्हा पाचवा, आणि मग पुन्हा तोच उभ्याचा टप्पा, जिथे घात झाला होता. तिथेच तो वर चढला. ४५१.४ गुण, ब्राँझ.

आता हा माणूस तिथे मनात 'मी जिंकणारच' म्हणत असेल असं मला तरी वाटत नाही. सगळ्यात वाईट गोळी त्याची मारून झाली होती आणि त्यानंतरही तो रोज रेंजवर जात होता. माझ्या मते मोठ्या खेळाडूंचा आत्मविश्वास हाच असतो. जिंकण्याची खात्री कुणालाच नसते. गणित बिघडलं तर पुढच्या मिनिटाला काय करायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घ्या. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायची मजुरी, आणि पोरगा नाव कशात काढतो, तर नौकानयनात! (वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर.) रिओ ऑलिम्पिकमध्ये तो तेरावा आला. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये अंगात ताप असताना सिंगल स्कल्सची, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या बोटीची फायनल खेळला आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत बसून गोल्ड. आदल्या दिवशीच्या त्या शेवटच्या नंबरानंतर कुठलं भाषण त्याला उभं करणार होतं? शरीराला सवय होती, आणि शेजारी तिघे भरवशाचे होते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो याचे चार स्रोत मांडले होते. सगळ्यात भक्कम म्हणजे स्वतः करून बघितलेलं. मग आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना पाहिलेलं. मग कुणीतरी धीर दिलेला, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. शिबिरवाले नेमका तिसरा उचलतात आणि त्याचीच फी घेतात. बांडुराने आणखी एक सांगून ठेवलंय: ज्याला यश सहज मिळत जातं, तो पहिल्या अपयशातच ढेपाळतो.

दुसऱ्या स्रोताचं उदाहरण शोधायला तर जिल्ह्याबाहेरही जायला नको. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्समधून सिल्व्हर. हरसूल-पेठकडच्या पोरींना त्यानंतर वेगळं काय सांगायचं उरलं? आपल्याच डोंगरातली, आपल्यासारखीच बोलणारी मुलगी टीव्हीवर दिसली.

धीर देण्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. पण तो कोण देतंय ते बघा. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पोरांना पळवणारे एक कोच दिसतात. त्यांच्याकडे दुमडलेली शंभर पानी वही असते, बॉलपेनने लिहिलेली प्रत्येक पोराची लॅपची टायमिंग्ज. पोरगं रडवेलं झालं की ते मागची पानं उलटून जूनमधला आकडा दाखवतात. बस. असा माणूस 'तुला जमेल' म्हणाला तर पोरगं मानणारच.

आणि आता आपण पालक. बुद्धिबळाच्या स्पर्धांना मी पोराबरोबर जातो. स्विस पद्धतीत हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही, सगळे राउंड खेळायचे असतात. तरी दोन डाव हरल्यावर 'चल, आता काय उपयोग' म्हणत मुलाला गाडीत घालून नेणारे आई-बाप दर स्पर्धेत दिसतात. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनच्या ग्रँड स्विसमध्ये पहिलाच राउंड हरला होता. अकरा राउंडची स्पर्धा. उरलेल्या दहांत त्याने साडेआठ गुण काढले, स्पर्धा जिंकली आणि कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला गेला. तिथे टोरांटोत अमेरिकेच्या बलाढ्य नाकामुराला एकदा नाही, दोनदा हरवलं, त्यातल्या पहिल्या डावात तर नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिकाच मोडली.

तेव्हा पुढच्या स्पर्धेत दुपारीच गाडीची किल्ली काढणाऱ्यांनो, संध्याकाळपर्यंत थांबा. बाहेर चहा चांगला मिळतो. आणि शिबिरवाले कुणी इथे असतील तर कॉमेंटमध्ये या, भांडू.