लग्नाचा सतरावा वाढदिवस आणि एक हातमोजा

लग्नाचा वाढदिवस घरी बसून साजरा करणाऱ्यांना मी आजवर आळशी समजत असे. आता दूरदर्शी समजतो. आमचे लग्न डिसेंबरातल्या एका शनिवारी झाले आणि यंदाचा सतरावा वाढदिवसही शनिवारीच आला. यात योगायोग नाही. तारखेचा वार वर्षाला एका दिवसाने आणि मध्ये २९ फेब्रुवारी आल्यास दोन दिवसांनी पुढे सरकतो. आमच्या १७ वर्षांत असे ४ जादा दिवस येऊन गेले, बेरीज २१ झाली आणि तिला ७ ने नि:शेष भाग जातो. हे गणित मी सकाळी उठल्याउठल्या पत्नीला ऐकवले. “शुभेच्छा अशा देतात?” असे तिने पांघरुणातूनच विचारले, तेव्हा भरपाई म्हणून मी दिवसभर शहरात भटकून रोषणाई पाहण्याचा बेत जाहीर केला.

वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरच्या सुमारास असतो. तेव्हा अंधार लवकर पडेल आणि दिवे पाहायला ताटकळावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. तो चुकला नाही, परंतु अवघ्या शहराने तोच केला होता. दिव्यांच्या एका कमानीखालून आम्ही तीनदा गेलो, त्यांपैकी दोनदा गर्दीच्या इच्छेने. ऊब मिळावी म्हणून दुकानात शिरावे, तर आतल्या हवेतले बाष्प चष्म्याच्या गार काचांवर जमून पहिली दोन मिनिटे मला काहीच दिसत नसे, आणि खरेदीचे सगळे निर्णय नेमके त्याच दोन मिनिटांत होत. पत्नी कुडकुडू लागली, तेव्हा मी तिला धीर दिला की पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ येते, म्हणजे सध्या आपण जुलैपेक्षा जवळजवळ ५० लाख किलोमीटरने सूर्याजवळ आहोत.

“मग तिला आणखी थोडं सरकायला सांग,” ती म्हणाली.

छायाचित्राशिवाय वाढदिवस पदरात पडत नाही, म्हणून मी मोबाइल काढला. त्याच्या पडद्याला उघडे बोट लागते, साध्या हातमोज्याची तो दखल घेत नाही. मी उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, दोघांचे चेहरे चौकटीत बसवले आणि बटण दाबणार तोच मोबाइलने मान टाकली. थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, हे मी पत्नीला समजावत होतो. ती मात्र माझ्या बोटाकडे पाहत होती. त्यावरची लग्नातली अंगठी नाहीशी झाली होती.

गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, बोटे बारीक होतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी सैल पडते. कारण मला ठाऊक होते, ठिकाण तेवढे ठाऊक नव्हते. पुढची वीस मिनिटे मी भर गर्दीत ओणवा होऊन फरसबंदी चाचपत राहिलो. अनोळखी माणसेही वाकली. एका आजोबांनी तर काय हरवले आहे हे न विचारताच शोध सुरू केला आणि एक बटण आणून दिले. मी ते आभारपूर्वक खिशात टाकले. या सगळ्या काळात पत्नी उभी होती आणि हात गारठले म्हणून तिने माझा काढलेला हातमोजा चढवला होता.

“यात काहीतरी टोचतंय,” ती म्हणाली.

अंगठी तिने माझ्याकडे परत दिली नाही. तुझ्या बोटांचा भरवसा नाही, असे म्हणून तिने ती आपल्याच अंगठ्यात घातली आणि आम्ही घरी परतलो. घरात ऊब होती. तासाभराने तिची बोटे पूर्ववत झाली आणि अंगठी अंगठ्यात अशी रुतून बसली की साबण आणि तेल दोन्ही हरले. तेव्हा मी शास्त्राला धरून असलेला एकमेव उपाय सुचवला, की आपण पुन्हा थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहू या. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

अंगठी अजून तिच्याकडेच आहे. माझ्याकडे बटण आहे.