उत्तर : ‘एमएस्सीला हाताने मोजत बसायचं?’

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एमएस्सीच्या पोरांना तीन-चार वस्तूंची उदाहरणं हाताने मोजायला लावणं हा शाळकरीपणा आहे, सेट-नेटला चार सूत्रं पाठ असली की भागतं, शिकवायचंच तर थेट जनरेटिंग फंक्शनपासून (मोजणीची उत्तरं ज्या घातश्रेणीच्या सहगुणकांतून मिळतात, तिच्यापासून) शिकवा.

पेपरपुरतं भागतं, बऱ्याचदा. पण सूत्र कुठे लागू होत नाही, हे पाठांतरातून कळत नाही. उन्हाळ्यात आपल्या बीड-जालन्याकडे रोज दिसणारा हिशोब घ्या : वेगवेगळ्या नंबरचे ५ टँकर ३ वाड्यांना पाठवायचे, एकही वाडी कोरडी राहायला नको. किती तऱ्हा?

बहुतेक जण असं करतात : आधी वाडीला एकेक टँकर, ५×४×३ = ६०; उरलेले दोन कुठेही, ९ तऱ्हा; उत्तर ५४०. अहो, पण काहीच अट नसती तरी वाटपं ३^५, म्हणजे २४३च होतात! खरं उत्तर २४३ − ३×३२ + ३ = १५० : एखादी वाडी कोरडी ठेवणारी वाटपं वजा केली; सगळे टँकर एकाच वाडीला नेणारी तीन वाटपं त्यात दोनदा वजा झाली, ती एकदा परत मिळवली.

वाडीला दोन टँकर गेले की त्यातला ‘आधीचा’ कोणता, यावरून एकच वाटप पुन्हा मोजलं जातं. मग भागून टाकू? जमत नाही. ३-१-१ अशी ६० वाटपं तीन-तीनदा मोजली गेली, २-२-१ अशी ९० चार-चारदा; १८० + ३६० = ५४०. चार टँकरना याच चुकीच्या रीतीने ७२ येतात, तिथे दोनाने भागलं की बरोबर ३६. तीन टँकरना तर चुकीची रीतसुद्धा बरोबर ६ देते. म्हणून एकाच उदाहरणावर पडताळा घेऊन थांबायचं नसतं. (५४० हे सहा टँकरचं खरं उत्तर आहे, ही आणखी एक गंमत.)

जनरेटिंग फंक्शन ही दुबार मोजणी टाळतं, मान्य. पण कोणतं घेणार? टँकर वेगळे ओळखू येतात, म्हणून एक्स्पोनेन्शियल : (ई^क्ष − १) या सगळ्याचा घन करा, क्ष^५ चा सहगुणक ५! ने गुणा, १५० येतात. ऑर्डिनरी, म्हणजे साधं (क्ष + क्ष^२ + … चा घन) घेतलंत तर ६ येतील. ते सगळे टँकर एकसारखे धरल्याचं उत्तर. आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक, प्रश्नच वेगळा. घोळ नेमका इथे होतो.

सहा टँकरच्या पुढे हाताने मोजू नये, हे मात्र तुमचं खरं. तिथून पायथनला जुंपा. सगळी वाटपं उलगडून मोजणारा कोड दहाएक ओळींत होतो, मोबाइलवरही चालतो. तीन टँकरपासून पुढे आलेली उत्तरं ओईआयएसवर (पूर्णांकांच्या अनुक्रमांच्या ऑनलाइन कोशात) शोधताना ६, ३६, १५०, ५४० एवढी तरी टाका. पहिल्या दोनांवर ढीगभर अनुक्रम समोर येतात.