बेसिन चोकअप आणि तो सोडा-व्हिनेगरवाला फॉरवर्ड

"खायचा सोडा, व्हिनेगर आणि उकळतं पाणी टाका, कितीही जुनं चोकअप 10 मिनिटांत मोकळं" हा मेसेज परत फिरतोय, तर नाही हो, तसं होत नाही. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट, आणि त्यातलं काहीही केस विरघळवत नाही. बेसिनमध्ये मुळात अडकतात केस, साबणाचा चिकट थर आणि टूथपेस्टचा गाळ. उकळतं पाणी तर नकोच, पीव्हीसी पाइप साधारण 80 डिग्रीला मऊ पडायला लागतो.

त्यापेक्षा खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची (बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागाची) वाटी हाताने फिरवून काढा, बहुतेक वेळा सगळी घाण तिथेच सापडते (वास येणार, नाक धरा). रबरी पंप मारणार असाल तर बेसिनच्या ओव्हरफ्लोच्या भोकात (काठाजवळचं छोटं भोक) ओलं फडकं कोंबा, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो, हे कोणी सांगतच नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर तो आतून गंजून अरुंद झालेला असतो, तिथे स्प्रिंग (चोकअप काढायची लांब लवचिक तार) घालूनही चार दिवसांनी परत तेच, पाइपच बदलावा लागतो. आणि ॲसिड, ब्लीच, ड्रेन क्लीनर एकावर एक ओतू नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन गॅस तयार होतो.