‘अनल हक’ आणि ‘अहं ब्रह्मास्मि’: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: सूफी संत हल्लाजचं ‘अनल हक’ (‘मीच सत्य’) आणि बृहदारण्यक उपनिषदातलं ‘अहं ब्रह्मास्मि’ एकच, मी उगाच शब्दांचा कीस काढतो. साखर कुणीही खाल्ली तरी गोडच. आणि अनुभव नसताना संतांची मापं काढणं हा उद्धटपणा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. मला तो अनुभव नाही, खरंच नाही. पण ‘सगळ्यांचा अनुभव एकच’ असं ठामपणे म्हणायलाही सगळ्यांचा अनुभव लागेल ना? तुमच्या-माझ्या हाती आहेत ते त्यांचे शब्द. तेच नीट ऐकावेत, एवढंच माझं म्हणणं.

हल्लाजच्या नावावरच्या एका अरबी कवितेत तो म्हणतो: माझ्या आणि तुझ्या मध्ये एक ‘मी’ उभा आहे, तो मला छळतो, तुझ्या कृपेनं तो दूर कर. इथे मागणारा आहे, देणाराही आहे. आपला ‘मी’ आपल्या हातानं निघत नाही, म्हणून ही याचना. शंकराचार्यांच्या अद्वैतात शेवटी ही याचना कुणी कुणाकडे करायची? जीव ब्रह्मच होता. दोरीवर साप भासला, उजेड आला, भास गेला. मधून काढायला काही नव्हतंच. एकीकडे विरह संपतो, दुसरीकडे तो कधी नव्हताच हे कळतं. याला मी शब्दांचा कीस कसा म्हणू?

साम्य मला नको आहे असं मुळीच नाही. हल्लाजच्या जवळचे मला तुकोबा वाटतात. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ म्हणताना ‘मी’ मेलेला आहे, तरी तो सोहळा बघायला कुणीतरी उरलंय. बगदादचे सूफी जुनैद ‘फना’नंतरच्या ‘बका’बद्दल, म्हणजे विरून गेल्यावरच्या उरण्याबद्दल बोलतात, तेव्हा मला हाच अभंग आठवतो. पण घाईनं ‘एकच’ म्हटलं की हल्लाजचा नमाज, त्याच्या हजच्या यात्रा, ‘हक’ हे अल्लाचंच एक नाव असणं, सगळं गळून पडतं. उरतो तो आपल्याच वेदांताचा अरबी अनुवाद. त्याचं मला वाईट वाटतं.

‘दोन शब्दांसाठी कुणी माणूस मारतं का?’ हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त. 922 साली बगदादमध्ये त्याला मारलं ते ‘अनल हक’ म्हटल्याबद्दल, असं मी सरसकट लिहून गेलो होतो. त्यामागे दरबारातलं राजकारण होतं, आणि खटल्यात मुख्यतः धरलं गेलं ते वेगळंच: ज्याला हजला जाणं जमत नाही त्यानं घरातच एक पवित्र जागा करावी, तिला प्रदक्षिणा घालावी आणि तीस अनाथ मुलांना जेवू घालून कपडे द्यावेत, असं त्यानं लिहिलं होतं. लेखातलं ते वाक्य आज बदलतो आहे.